सोयाबीनला कवडीमोल भाव, मग कवडीचा भाव काय?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेत घेत वाचा, पण वाचा.

वीस वर्षांहून जास्त झाली मी बातम्या लिहितोय. या काळात एक शब्द मी इतक्यांदा वापरला की मोजदाद नाही. कवडीमोल. 'सोयाबीनला कवडीमोल भाव', 'कापूस कवडीमोल दराने व्यापाऱ्यांच्या घशात', 'संत्र्याची कवडीमोल विक्री'. हंगाम आला की मथळा तयारच असतो, फक्त पिकाचं नाव बदलायचं.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली लोळत होता. त्याच बातमीसाठी मी बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका तांड्यावर गेलो होतो. शेतकऱ्याशी बोलणं झालं, फोटो झाले. निघताना ओसरीवर बसलेल्या त्यांच्या आईनं हाक मारली. मांडीवर कापडाचा तुकडा, हातात सुई, समोर वाटीत पांढऱ्या कवड्या.

"भाऊ, तुमी पेपरवाले दर साली लिवता, सोयाबीनले कवडीमोल भाव. कवडी केवढ्याले येते, मालूम हाय का तुमाले?"

मी म्हटलं, नाही आजी.

"मंग मोल कसं सांगता?"

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो, गाडीवर बसल्यावर हसू आलं नाही. वीस वर्षं ज्या वस्तूच्या नावानं मी भाव पाडत होतो, तिची किंमत मी एकदाही विचारली नव्हती.

आजी नातीच्या लग्नासाठी काम करत होत्या. पूर्वी अकोल्याच्या बाजारात कवड्या मापानं मिळायच्या, आता दुकानदार मोजून देतो, आणि त्यातही अर्ध्या प्लॅस्टिकच्या निघतात, अशी त्यांची तक्रार. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूचं गळणं होतं. बंजारा बायका डोक्यावर घागरी घेऊन पाण्याला जायच्या तेव्हा चुंबळीला जोडून मागे मानेवर रुळणारं, कवड्यांनी आणि टाक्यांनी भरलेलं कापड ते हे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दारावर भांडेवाली आली आणि जुन्या कपड्यांबरोबर तेही गेलं.

"स्टीलचा एक गंज देल्ला अन् दोन ताटल्या. मले वाटलं, जुनी चिंधी होय. गंज अजून हाय घरात."

तेवढ्यात नातीनं मोबाईल पुढे केला. तसंच गळणं, 'जुनं बंजारा कापड' म्हणून विकायला ठेवलेलं, काचेच्या चौकटीत बसवलेलं. किंमत इतकी की तेवढ्यात चांगली दुभती म्हैस आली असती. ते त्यांच्या सासूचंच होतं असं कोणी म्हणत नाही. पण असंच कुणाच्या तरी सासूचं होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. म्हणून आज लिहितो.

आधी कवडीबद्दल. कवडी ही समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. आपल्या वऱ्हाडापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि नाण्यासारखी चालणारी कवडी तर मुख्यतः मालदीव बेटांवरून यायची. तिथून ती जहाजांनी बंगालला जायची आणि बदल्यात तांदूळ परत यायचा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, कोष्टकच आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. गुणाकार करा, १,२८० कवड्यांचा एक द्रम्म होतो. म्हणजे गणित शिकणाऱ्या पोराला आधी कवड्या मोजता याव्या लागत. अठराव्या शतकाच्या शेवटी सिल्हेटमध्ये इंग्रजांचा शेतसारासुद्धा कवड्यांत गोळा व्हायचा, रुपयाला ५,१२० कवड्या या हिशेबानं. होड्या भरभरून कवड्या ढाक्याला न्याव्या लागायच्या. आणि हीच कवडी युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत नेली, तिथं तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली. तेव्हा कवडीला मोल नव्हतं असं नाही. मोल भयंकर होतं.

पुढे धातूची नाणी स्वस्त झाली, चलनातून कवडी गेली आणि भाषेत उरली. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक, कवडी कवडी करून जमवलेली माया. चांगलं लागलेलं दही असलं तरच आपण 'कवडीदार' म्हणून तिचं कौतुक करतो. बाकी सगळीकडे बिचारी तुच्छतेच्या कामाला.

पण चलनातून गेली तरी ती अंगावरून गेली नाही. तुळजापूरच्या आणि माहूरच्या देवीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, भुत्याच्या अंगावर कवड्या असतात. पोळ्याला आपल्या बैलांच्या गळ्यात घुंगरांबरोबर कवड्यांच्या माळा असायच्या. सारीपाट कवड्यांवर खेळला जायचा. लक्ष्मीपूजनात आजही कितीतरी घरांत नाण्यांशेजारी कवडी ठेवतात. म्हणजे हा विषय एका समाजाचा नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. मात्र कवडीला हस्तकलेच्या पातळीवर नेलं ते बंजारा बायकांनी, हे कबूल करावंच लागेल.

आणि ती आपल्याकडे आणली कोणी? लमाणांनीच. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून शेकडो कोस चालणारे हे तांडे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला इंग्रज आणि भोसले-शिंदे यांची लढाई झाली, त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला. शाळेत आपण सेनापतींची नावं पाठ केली. पण वेलस्लीच्या फौजेला धान्य पोचवणारे तांडे बंजाऱ्यांचे होते, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. तांड्याच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्या बैलाला कवड्यांनी मढवलेला साज असायचा. तो फक्त शोभेचा नव्हता, हा तांडा कोणाचा हे लांबूनच कळायचं.

मग आगगाडी आली. १८६७ ला ती आपल्या वऱ्हाडातून नागपूरला पोचली. जो माल बैल महिनाभर वाहायचे तो रेल्वे दोन दिवसांत नेऊ लागली आणि लमाणांचा धंदा बसला. त्यापाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढे ठिकठिकाणी बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. पाच-सात पिढ्या देशाला मीठ पुरवणाऱ्या माणसाला पोलीस पाटलाकडे हजेरी लावायची पाळी आली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा उठला. त्यानंतर अकरा वर्षांनी पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले, हेही याच मातीत घडलं. पण कपड्यांवरून ओळख पटण्याची भीती इतक्या लवकर जात नाही. एसटीत बसल्यावर फेटिया-काचळी घातलेल्या बाईकडे लोक कसे बघायचे, हे चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. खोटं कशाला बोलू, आपणही बघितलं आहे.

आता कामाबद्दल. कवडी कापडावर शिवायची तर तिची फुगीर पाठ आधी फोडावी किंवा घासावी लागते. मग ती चपटी बसते, दातेरी तोंड वर येतं आणि भोकातून दोरा ओवता येतो. बाजारात फुटकी कवडी कोणी घेत नाही असं म्हण सांगते. सुईला मात्र फुटकीच लागते. कापडाला आधी बारीक टाक्यांनी भरायचं, आरसे बसवायचे, कडेला कवड्यांची रांग, कोपऱ्यात चार-चार कवड्यांचं फूल, खाली लोकरीचे गोंडे. छापील नक्षी नाही, पेन्सिलची रेघ नाही. सगळा हिशेब डोक्यात. एका लग्नाच्या साजाला महिने लागतात, आणि हे सगळं शेतातलं निंदण, वेचणी, स्वयंपाक उरकून.

अशा कामाला आपण काय म्हणतो? 'फावल्या वेळातला छंद.' पुरुष फावल्या वेळात लाकूड तासतो तेव्हा तो सुतार होतो. बाई फावल्या वेळात शिवते तेव्हा ती हौशी.

आता बाजार बघा. नवरात्रात अमरावतीच्या, अकोल्याच्या दुकानांत गरब्याचे घागरे कवड्यांनी लगडलेले असतात. राख्या, तोरणं, कानातले, गाडीत टांगायची झुंबरं, मोबाईलचे पाऊच, सगळीकडे कवडी. कॉलेजच्या गॅदरिंगला 'बंजारा ड्रेस' भाड्यानं मिळतो. म्हणजे मागणी आहे. मागणी नाही म्हणून कला मेली, हे रडगाणं इथं चालत नाही. मागणी वाढली आणि तरी तांड्यावरच्या सुईला काम मिळालं नाही, हा प्रश्न आहे. माल बाहेरून येतो, मशीनवर शिवलेला, त्यावर साच्यात ओतलेली प्लॅस्टिकची कवडी डिंकानं चिकटवलेली. नाव मात्र 'बंजारा'. नाव तांड्याचं, पैसा दुसऱ्याचा.

जाता जाता, खरी कवडी ओळखायची कशी तेही सांगतो. खरी हाताला थंड लागते, जड असते आणि एकासारखी दुसरी नसते. प्लॅस्टिकच्या सगळ्या जुळ्या बहिणी असतात, बाजूला साच्याची रेघ दिसते. एखाद्या सुट्या कवडीवर लिंबाचा थेंब टाकला तर खरीवर बारीक बुडबुडे येतात, कारण ती चुन्याची असते. शिवलेल्या साजावर हा प्रयोग करू नका, चकाकी जाईल.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा. दरवर्षी बातमीसोबत एक फोटो लागतो, पारंपरिक वेशातल्या म्हाताऱ्या आजीचा. माझ्याकडे असा एक फोटो आहे, मी तो चार वर्षं वापरला. खाली ओळ एकच, 'पारंपरिक वेशभूषेत बंजारा महिला'. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. तिच्या अंगावरचं काम कोणी केलं, हेही विचारलं नव्हतं. मंत्र्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांची नावं मात्र आम्ही डावीकडून उजवीकडे छापतो. तेव्हा बोट दुसऱ्याकडे करण्याआधी ही कबुली देऊन ठेवतो.

आता काही जण म्हणतील, आणि कमेंटमध्ये म्हणणारच आहेत, "तुम्हाला आमच्या बायका परत त्या जड कपड्यांत पाहिजेत का?" अजिबात नाही. एका बंजारा शिक्षिकेनं मला स्पष्ट सांगितलं की तिच्या आईनं फेटिया सोडली तो दिवस तिला मुक्तीचा वाटतो. उन्हाळ्यात किलोकिलोचं ओझं अंगावर वागवायचं, हातभर बलिया घालायच्या, ऊसतोडीला जाताना तेच कपडे. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पंजाबी ड्रेस घातला म्हणून कोणी कमी बंजारा होत नाही, जसा धोतर सोडल्यानं मी कमी वऱ्हाडी झालो नाही.

पण अंगावरचं ओझं उतरवणं वेगळं आणि हातातलं कसब फेकून देणं वेगळं. पैठणी रोज कोणी नेसत नाही, तरी विणकराला मजुरी मिळते. वारलीची चित्रं लोक भिंतीवर लावतात म्हणून कोणी झोपडीत राहायला जात नाही. त्या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, बाजार आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामालाही मानांकन मिळून बरीच वर्षं झाली. तिथल्या बायका केंद्रात बसून काम करतात, मजुरी घेतात. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेवर लंबाणी महिलांच्या १,७५५ कलाकृतींचं प्रदर्शन मांडलं गेलं आणि त्याचा गिनीज विक्रम झाला. लंबाणी म्हणजे आपलेच लमाण. बोली तीच, टाका त्याच घराण्यातला. कॅनडातल्या दोघांनी बंजारा वस्त्रांवर २०१६ मध्ये इंग्रजीत मोठं पुस्तक काढलं. म्हणजे जगाला कळलं. ज्या जिल्ह्यांत तांडे उशाला आहेत, तिथल्या आपल्याला कळायचं बाकी आहे.

पोहरादेवी १९९८ पर्यंत आपल्या अकोला जिल्ह्यातच होती, वाशीम वेगळा झाला तेव्हा तिकडे गेली. तिथं ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजली देखणी इमारत आहे. मी तिच्या विरोधात नाही, समाजाचा इतिहास इतक्या थाटात मांडला जातोय याचा आनंदच आहे. पण संग्रहालय काचेआडच्या वस्तूची काळजी घेतं. काचेबाहेर जी बाई सुई धरून बसली आहे, तिची काळजी कोण घेणार?

माझ्या मते करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत.

पहिली म्हणजे मजुरी. सत्कार, शाल-श्रीफळ नंतर. सरकारी कार्यक्रमात पाहुण्यांना देण्यासाठी ज्या भेटवस्तू घेतल्या जातात, त्यातल्या थोड्या तरी तांड्यावरच्या बचतगटांकडून घ्या. जिल्हा परिषद, विद्यापीठ, बाजार समित्या, सगळ्यांचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात. दर ठरवताना कापड आणि कवडीचा खर्च तेवढा धरू नका, तिच्या दिवसांचा हिशेब धरा. निंदणाला जी रोजी मिळते त्याच्यापेक्षा सुईची रोजी कमी असेल, तर कोणतीही शहाणी बाई निंदणालाच जाईल आणि तिनं जावंच.

दुसरी म्हणजे ओळख. केंद्राच्या हस्तकला विभागाकडून कारागिरांना 'पहचान' कार्ड मिळतं. ते असलं की मेळावे, प्रशिक्षण, योजना यांची दारं उघडतात. तांड्यातल्या पोरांनो, तुम्ही मोबाईलवर दिवसभर रील बघता, एक दिवस आजीचा अर्ज भरा.

तिसरी गोष्ट, संग्रहालयाच्या आवारात करणाऱ्या बायकांनीच चालवलेलं विक्री दालन असावं आणि प्रत्येक वस्तूवर करणारीचं नाव व तांडा लिहिलेला असावा. यात्रेला लाखो लोक येतात, त्यांनी परत जाताना प्लॅस्टिक घेऊन जाऊ नये. आणि वऱ्हाड-यवतमाळच्या या कामाला मानांकन मिळवायचं असेल तर आधी नोंद लागते. कोणत्या तांड्यात कोणता टाका, कोणत्या वस्तूला काय म्हणतात, कोण अजून करतं. ही नोंद आपल्याकडची कॉलेजं एका उन्हाळ्यात करू शकतात.

चौथी गोष्ट तुमच्या घरातली. ट्रंकेच्या तळाशी आजीचं, पणजीचं काही असेल तर भांडेवालीला देऊ नका. विकू नकाच असं म्हणत नाही, गरज पडली तर विका, पण माहिती घेऊन विका. आधी चांगल्या उजेडात फोटो काढा, कोणी केलं, केव्हाचं, ते लिहून ठेवा. आणि कापड फाटलं तरी कवड्या फेकू नका, उसवून ठेवा. चकाकणाऱ्या कवडीसाठी समुद्रातला जिवंत जीव मारावा लागतो, कारण किनाऱ्यावर घासत पडलेल्या कवडीची चमक जाते. कवडीच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. तेव्हा शंभर वर्षं जुनी कवडी नव्या कापडावर चढली तर त्यात कमीपणा काहीच नाही. तांड्यात आधीपासून हेच चालत आलंय. सासूच्या कवड्या सुनेच्या साजावर.

पाचवी गोष्ट आम्हा पेपरवाल्यांची. फोटोखाली नाव लिहायचं. मी सुरुवात केली आहे. त्या आजीचं नाव इथं मुद्दाम देत नाही, कारण त्यांनी फेसबुकवर नको म्हणून सांगितलं. विचारल्यावर कळलं, आधी विचारलंच नव्हतं.

परवा पुन्हा तांड्यावर गेलो होतो. नातीचं लग्न झालं. पोरीनं लग्नात शालू नेसला, फेटिया नाही. पण आजीनं केलेली कवड्यांची कोथळी, म्हणजे छोटी पिशवी, तिनं कमरेला खोचली होती आणि पुण्याला नोकरीवर जाताना ती सोबत नेली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी अशाच पिशव्या मागितल्या. आजीनं विचारलं, काय भाव सांगू? नातीनं फोनवरून सांगितलं, आई, तुला किती दिवस लागले ते आधी सांग. मग दिवस गुणिले रोजी, त्यात कापड, दोरा, कवड्या. आजी मला म्हणाल्या, "पयल्यांदा कोनं दिवस इचारले, भाऊ. नाईतर समदे इचारतात, कमी नाई का व्हत?"

बाजार समितीत आपल्या बापाला हेच कोणी विचारत नाही ना? किती दिवस लागले, किती खर्च आला, हे न विचारता भाव ठरतो म्हणून तर आपण रडतो. मग तांड्यावरच्या बाईला भाव पाडून मागताना आपल्या तोंडातून तोच व्यापारी का बोलतो?

आता हंगाम येईल, भाव पडतील, मला मथळा द्यावा लागेल. 'कवडीमोल' लिहिणार नाही असं ठरवलंय. 'खर्चाच्या निम्म्यानं' लिहीन, 'हमीभावाच्या इतक्या खाली' लिहीन, आकडा लिहीन. कवडीला त्यातून मोकळी करतो.

तुमच्या घरी, तुमच्या तांड्यावर असं काही जुनं काम असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. सोबत करणारीचं नाव लिहा, तिला विचारून.